चवीची वही

माझ्याकडे एक वही आहे. शंभर पानी, साधी. गेल्या सहा वर्षांत जी जी नवी बिअर प्यायलो, तिची त्यात नोंद आहे: नाव, कुठली, किती टक्के आणि चव. सुरुवातीला मी हे इंग्रजीत लिहायचो. मग लक्षात आलं, की आपण चव लिहीत नाही, बाटलीवरचं लेबल उतरवून काढतोय. क्रिस्प, हॉपी, वेल-बॅलन्स्ड. एकदा एका स्टाउटबद्दल लिहिताना 'खरपूस' असा शब्द कागदावर आला आणि वाटलं, आत्ता कुठे जिभेवर होतं ते लिहिलं. तेव्हापासून वही मराठीत आहे.

मराठीत असल्यामुळे ती आईला वाचता आली.

आई दर उन्हाळ्यात आमच्याकडे डर्बीला येते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यामुळे कुठलीही वही दिसली, की ती उघडून तपासल्याशिवाय तिला राहवत नाही. गेल्या जूनमध्ये मी कामावरून आलो तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून माझी वही वाचत होती. नेमकं बिअर फेस्टिव्हलचं पान उघडलं होतं. एका दुपारी आठ नोंदी. पहिली सात ओळींची: रंग, फेस, पहिला घोट, मागे रेंगाळणारा कडूपणा, वगैरे. पाचवी दोन ओळींची. आठव्या बिअरपुढे फक्त 'भारी!!' असं लिहिलेलं, तेही ओळ सोडून.

"पहिलं उत्तर मन लावून लिहिलंयस," ती म्हणाली. "चौथ्यापासून अक्षर बिघडलं. शेवटच्याला मी शून्य दिलं असतं."

मी हसलो. ती हसली नाही. वही मिटून म्हणाली, "अण्णा लिहून ठेवत नव्हता, एवढाच फरक."

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा अण्णामामा. साखर कारखान्यात फिटर होता, हात सोन्याचा होता असं सगळे सांगतात, आणि एक्कावन्नाव्या वर्षी लिव्हरने गेला. मी दहा-अकरा वर्षांचा असताना मामीने मला त्याला बोलवायला म्हणून देशी दारूच्या दुकानात पाठवलं होतं. ते दृश्य मला पक्कं आठवतं, कारण मामाने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला, औषध घ्यावं तसा. तोंड वेडंवाकडं केलं, मग पुडीतले खारे शेंगदाणे तोंडात टाकले आणि ते मात्र सावकाश चावले. बाटलीवर संत्र्याचं चित्र होतं. त्या दुकानात संत्र्याची चव शोधायला कोणी आलेलं नव्हतं.

आपल्याकडे दारूबरोबर जे खातात त्याला चाखणा म्हणतात, हे मला अलीकडे फार सूचक वाटतं. चाखायचं ते शेजारच्या बशीतलं. पेल्यातलं फक्त रिचवायचं.

म्हणून आईला मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. "अगं, मामा चढावी म्हणून प्यायचा. मी चवीसाठी पितो." हे उत्तर मी अनेकांना दिलं आहे: सासऱ्यांना, डॉक्टरांना, मंडळाच्या गणेशोत्सवात शेजारी बसलेल्या काकूंना. ते खोटं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते मला नीट तपासून बघावंसं वाटू लागलं. चवीसाठी पिणं हे खरोखर वेगळं पिणं आहे, की ती फक्त नीटनेटकी सबब आहे?

आधी चवीच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू दुबळी नाही.

बिअर म्हणजे पिवळं, थंड, कडू पाणी अशी समजूत घेऊन मी या देशात आलो. इथे पबमध्ये पहिल्यांदा पिंपातली एल प्यायलो तेव्हा ती नासली आहे असं वाटून परत द्यायला निघालो होतो. ती गार नव्हती, फेसाळ नव्हती. मग कळलं, की पिंपात तिचं आंबणं चालूच असतं, यीस्ट जिवंत असतं आणि तळघराच्या गारव्यात, बारा-तेरा अंशांवर, ती प्यायची असते. ही पद्धत टिकावी म्हणून १९७१ साली ग्राहकांनीच 'कॅम्रा' नावाची चळवळ उभारली. बिअरसाठी चळवळ, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. आता मी तिच्या फेस्टिव्हलांना जातो. तिथे पिंटचा तिसरा हिस्सा, म्हणजे १८९ मिलिलिटर, मागता येतो. तो तुलना करणाऱ्यांसाठीच असतो.

आणि तुलनेशिवाय चव कळत नाही, हे मी खात्रीने सांगेन. एकच ग्लास पुढे असेल तर 'छान आहे' यापलीकडे जिभेला काही बोलता येत नाही. दोन शेजारी ठेवा, की ती बोलू लागते. देवगडचा हापूस आणि पायरी एकाच ताटात घेतल्याशिवाय पायरीचा आंबटगोडपणा कळत नाही, तसंच.

बव्हेरियातली गव्हाची बिअर घ्या. हिच्यात पिकलेल्या केळ्याचा वास येतो आणि मागून लवंग येते. मला आधी वाटलं, की घालत असतील. घालत नाहीत. तिथला १५१६चा प्रसिद्ध कायदा तर बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी याखेरीज काही चालणार नाही असं सांगणारा. (त्यात गहूही बसत नव्हता, गव्हाच्या बिअरची सवलत राजघराण्याने पुढे आपल्याकडे ठेवली. नियम करणाऱ्यांचं सगळीकडे सारखंच.) वास येतो तो यीस्टमुळे. केळ्याला ज्या द्रव्यामुळे वास असतो तेच द्रव्य हे यीस्ट आंबवताना तयार करतं. लवंगेच्या वासाचंही एक भावंड बनवतं. स्टाउटमधला खरपूसपणा काळे होईस्तोवर भाजलेल्या जवाचा. कडूपणा हॉपचा, आणि हॉप ही भांगेच्या कुळातली वेल, हे ऐकून माझ्या एका मित्राला फार समाधान झालं होतं.

आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर बर्टन-ऑन-ट्रेंट आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम असतं. त्यामुळे हॉपचा कडूपणा कोरडा, धारदार लागतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजांतून जाणारी फिकट, भरपूर हॉप घातलेली एल आधी लंडनच्या बो भागातला हॉजसन पाठवायचा. १८२०च्या दशकात बर्टनवाल्यांनी तो बाजार काबीज केला, आणि तिचं नाव इंडिया पेल एल पडलं. प्रवासात टिकावी म्हणून ती मुद्दाम शोधून काढली ही गोष्ट पबमध्ये सगळे सांगतात, पण अशा भरपूर हॉपच्या बिअर इंग्लंडात आधीपासून होत्या. पिणारा गोरा, बनवणारा गोरा, नाव तेवढं आपलं. तरीही बर्टनमध्ये बसून ती पिताना मला थोडी आपलेपणाची भावना होते, ती का, हे मला सांगता येणार नाही.

तर चव ही भानगड खरी आहे. डेव्हिड ह्यूमने रुचीवर १७५७ साली एक निबंध लिहिला, त्यात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. सान्चोचे दोन नातलग वाइन चाखतात. एक म्हणतो, उत्तम, पण चामड्याची किंचित चव आहे. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची आहे. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात किल्ली आहे. जिभेच्या दाव्याला बाहेरचा पुरावा मिळतो.

दुसऱ्या बाजूला बोर्दोचा प्रयोग आहे, २००१ साली प्रसिद्ध झालेला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. तिथे किल्ली नव्हतीच. माझ्या वहीतही असं बरंच असणार. बाटलीवर 'संत्र्याच्या सालीचा गंध' असं छापलेलं असलं, की मला तो येतो.

इथवर मी आईशी मनातल्या मनात वाद घालत होतो. दोन दिवसांनी कांदा चिरता चिरता तिनेच विषय पुन्हा काढला.

"अण्णाला चव कळत नव्हती असं तुला कोणी सांगितलं?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा, दहा वर्षांचा असताना, त्याला पेला रिकामा करताना पाहिलं होतं.

"सुरुवातीला मळ्यात भट्टीची आणायचे," ती म्हणाली. "तेव्हा तो वासावर सांगायचा, गुळाची चांगली आहे की नवसागर जास्त पडलाय. बोटावर घेऊन काडी लावून बघायचा, ज्योत कशी येते. पहिल्या धारेची नसेल तर परत पाठवायचा. मित्र त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे पारखायला." मग चिरलेला कांदा पातेल्यात टाकून म्हणाली, "आधी चव गेली. पिणं राहिलं."

माझा सगळा युक्तिवाद त्या पातेल्यात गेला. पहिल्या धारेची, हा शब्दप्रयोग आपण अस्सल कशालाही वापरतो. अस्सल शिवीलाही वापरतो. तो कुठून आला, हे मला माहीत होतं, पण त्यामागे पारख करणारी माणसं होती, हा विचार मी कधी केला नव्हता. गोव्यात उन्हाळ्यात काजूचा रस एकदा गाळून काढलेली सौम्य उर्राक आणि पुन्हा गाळलेली कडक फेणी, यांतला फरक तिथला शेतकरी कुठल्याही पदवीशिवाय सांगतो. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि मग आमच्यासारखे लोक तिच्याबद्दल आदराने बोलू लागले. पारख गरिबाकडेही होती. वही नव्हती, आणि वहीला मान देणारे लोक नव्हते.

आपल्या भाषेत हा भेद पुरता मुरलेला आहे. मामा 'दारू प्यायचा', मी 'ड्रिंक्स घेतो'. तो दारुडा, मी दर्दी. कायद्यालाही सबब लागते: महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्यासाठी अजून परवाना लागतो, आणि तो प्रकृतीच्या स्वास्थ्यासाठी दिला जातो. एक दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी पाच रुपयांचा, देशीसाठी दोन. परमिट रूममध्ये बसलेला एकही माणूस प्रकृती सुधारायला आलेला मी पाहिलेला नाही. ती आरोग्याची सबब आणि माझी चवीची सबब, यांची जात एकच असावी असं मला वाटू लागलं. पिण्याबद्दल 'मला प्यायचं आहे' एवढं साधं वाक्य बोलायला कोणी तयार नाही. मामा ते बोलायचा.

मग वहीतल्या अक्षराकडे वळलो. ते का बिघडतं हे उघड आहे, पण त्यात एक गंमत आहे. तुलना म्हणजे फरक करणं: हे असं, ते तसं. दारू नेमकं उलटं काम करते. ती फरक पुसते. विल्यम जेम्सने १९०२च्या आपल्या धर्मानुभवावरच्या पुस्तकात नशेचं आकर्षण याच अंगाने समजावलं आहे: शुद्धीवरचं मन चिरफाड करतं, नाकारतं, नशेतलं मन सगळ्याला सामावून घेतं. म्हणजे दारूची तुलना हा स्वतःचाच पाय कापणारा उद्योग आहे. प्रत्येक घोटागणिक परीक्षक थोडा थोडा नापास होत जातो. वाइनचे व्यावसायिक परीक्षक म्हणूनच थुंकतात. आमच्या फेस्टिव्हलमध्ये थुंकायची सोय मी तरी पाहिलेली नाही, आणि ती असती तरी रांग लागली नसती.

शेवटी बायकोला कामाला लावलं. एकाच स्टाउटचे दोन प्रकार आणले, नेहमीचा आणि शून्य टक्क्यांचा. ती आतल्या खोलीत तीन छोट्या पेल्यांत ओतायची, दोनांत एक प्रकार, तिसऱ्यात दुसरा. वेगळा कुठला ते मी सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतं. तीन संध्याकाळी मिळून नऊ फेऱ्या झाल्या, मी सात बरोबर सांगितल्या. फार आनंद झाला, बायकोला तो अनाठायी वाटला. पण मी ओळखत होतो ते कशावरून? खरपूसपणा दोन्हींत होता. शून्यवाली जरा पातळ लागायची आणि घशात ऊब नसायची. म्हणजे मद्यार्क हासुद्धा चवीचाच भाग निघाला. अंगात भरीवपणा, किंचित गोडी, ऊब त्याच्याच. 'नशा वजा केली तर चव उरते का,' हा प्रश्न वाटतो तितका स्वच्छ नाही, याचं मला थोडं बरंही वाटलं.

पण प्रयोगानंतर जे झालं त्याचं वाटलं नाही. शून्यवाल्या बाटल्या बऱ्याच उरल्या होत्या. पुढचा महिनाभर संध्याकाळी मी त्याच घेतल्या. पहिली आवडीने संपायची. दुसरी मी एकदाही उघडली नाही. मनात येतच नव्हतं. चव तीच, फ्रिज तोच, शुक्रवारही तोच. नेहमीच्या बिअरची दुसरी मात्र मी सहा वर्षं काही विचार न करता उघडत आलो होतो, आणि ती चवीसाठी आहे असं समजत आलो होतो.

चवीची तहान एका ग्लासात भागते, निदान माझी. त्यापुढे जे पितो ते दुसऱ्या कशासाठी तरी. ते 'दुसरं' वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. शुक्रवारी पबमध्ये दुसऱ्या पिंटवर शेजारचा निवृत्त रेल्वे इंजिनिअर, जो एरवी हवामानापलीकडे बोलत नाही, आपल्या गेलेल्या बायकोबद्दल बोलतो. परदेशात वीस वर्षं राहून जी मोजकी माणसं जवळ आली ती अशीच आली. फरक पुसले जाणं ही काही वेळा चांगली गोष्ट असते. मात्र तिची किंमतही असते. मद्यार्काला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात १९८८ सालीच टाकलं गेलं आहे. इथले डॉक्टर आठवड्याला चौदा युनिटांची मर्यादा सांगतात आणि फेस्टिव्हलच्या त्या दुपारी माझी त्यातली निम्मी संपली होती. हा हिशोब मांडायचा तर दुसऱ्या ग्लासाचं नाव बरोबर लिहावं लागतं. चवीच्या खात्यावर टाकलं, की हिशोब कधी होतच नाही.

माझ्यात आणि मामात फरक नाही असंही मी म्हणत नाही. फरक आहे, पण तो माझ्या गुणांचा नाही. मी पोटात जेवण असताना पितो, बाटलीत काय आहे ते छापलेलं असतं, माझा डॉक्टर रक्त तपासतो, आणि अंगातल्या ज्या कुठल्या रचनेमुळे एखाद्याला थांबता येत नाही ती माझ्या वाट्याला आलेली नाही, निदान अजून तरी. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर हुशार, सुसंस्कृत वकील आहे. रसिकतेने त्याला काही वाचवलं नाही. आणि सिंधूच्या बाजूने पाहिलं तर नवऱ्याने काय चवीचं घेतलं याला अर्थच उरत नाही. मामीने पुढे शिवणकाम करून दोन मुली शिकवल्या. मामा किती चांगला पारखी होता, हे तिने मला कधी सांगितलं नाही. तिला ते माहीत असणारच.

आता वहीत एक रकाना वाढला आहे. पहिल्या ग्लासापुढे चव लिहितो. दुसरा घेतलाच तर फक्त कोणाबरोबर, ते लिहितो. काही वेळा तिथे कोणाचंच नाव नसतं. त्या नोंदी मी अजून खोडलेल्या नाहीत.

आई परत जायच्या आदल्या रात्री मी गव्हाची बिअर उघडली होती. ती भाकऱ्या थापत होती. ग्लास तिच्या नाकापाशी नेला आणि म्हटलं, नुसता वास घे. तिने मान मागे घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, पुढे झुकून एकदा हुंगलं.

"लवंग," ती म्हणाली. मग पुन्हा हुंगून, "आणि रात्रभर बाहेर राहिलेलं शिकरण."

मी वही आणायला गेलो.